वाचकांचे प्रश्न: मुलीला स्टॉक कार चालवायचीय

स्टॉक कार म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी शर्यतीची गाडी, आणि तिच्या शर्यती भरवणारी अमेरिकन संस्था म्हणजे नॅस्कार. अमेरिकेतल्या शार्लट आणि आसपासच्या मराठी घरांतून या विषयावर बरीच पत्रं आली, एक पुण्याहूनही आलं. त्यातले निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून देत आहोत.

आमची मुलगी 13 वर्षांची आहे. दोन वर्षं भाड्याच्या गो-कार्टवर हात साफ केला, आता घरात नॅस्कारशिवाय दुसरा विषय नाही. इथली मुलं म्हणे बालवाडीच्या वयापासून गाड्या चालवतात. आम्हाला उशीर झाला का?
*– एक आई, शार्लट, नॉर्थ कॅरोलिना*

थोडा झालाय, पण गाडी चुकलेली नाही. इथे मुलं पाचव्या-सहाव्या वर्षी क्वार्टर मिजेट या चिमुकल्या शर्यतीच्या गाडीत बसतात, आठव्या वर्षापासून त्याहून मोठी बँडोलेरो चालवतात आणि बाराव्या वर्षापासून लेजंड्स गाडी. तुमच्या मुलीने मधल्या पायऱ्या गाळून थेट लेजंड्सपासून सुरुवात करावी, असं आमचं मत आहे. ही गाडी म्हणजे जुन्या फोर्ड-शेव्हीची पाच-अष्टमांश आकाराची प्रतिकृती. आत यामाहाचं मोटरसायकलचं इंजिन. ड्रायव्हरसकट वजन 1300 पाउंडांच्या आसपास. वजन कमी, ताकद भरपूर आणि पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम 73 इंच, त्यामुळे चूक झाली की गाडी गर्रकन फिरते. शिकायला म्हणूनच उत्तम.

मात्र पहिल्याच शनिवारी शर्यतीत उतरवू नका. आधी सरावाचे आठ-दहा दिवस नुसते लॅप मारू द्या. गर्दीत शिकणारं मूल धडकायला शिकतं आणि दुरुस्तीचं बिल तुमच्याकडे येतं.

उन्हाळ्यात शार्लट मोटर स्पीडवेच्या मुख्य स्टँडसमोरच्या पाव मैली ट्रॅकवर 'समर शूटआउट' ही मालिका होते, त्यात लेजंड्स आणि बँडोलेरो दोन्ही धावतात. निदान एक संध्याकाळ तिकीट काढून बघा, आणि स्टँडपेक्षा पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात तिथे, जास्त वेळ काढा. त्यापुढची पायरी लेट मॉडेल. हिकरीसारख्या लहान ट्रॅकवर ही खरी मोठी गाडी चालवायला मिळते. नॅस्कारच्या खालच्या पायरीवरच्या आर्का मेनार्ड्स मालिकेत लहान ट्रॅकसाठी 15 वर्षं आणि डेटोनासारख्या सुपरस्पीडवेसाठी 18 वर्षं लागतात, नॅस्कार ट्रक मालिकेत लहान ट्रॅकवर 16, सर्वांत वरच्या कप मालिकेत 18. वयाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीचं नियमपुस्तक बघा. अल्पवयीन मुलांच्या जोखीमपत्रावर बहुतेक ट्रॅक आई आणि वडील दोघांच्याही सह्या मागतात. बाबा त्या आठवड्यात भारतात असतील, तर नोटरी केलेलं पत्र आधीच तयार ठेवा.

मी 14 वर्षांची आहे, लेजंड्स चालवते. वळणाच्या मध्यावर गाडी वळतच नाही, सरळ भिंतीकडे जाते. बाहेर पडताना मात्र मागचा भाग निसटतो. बाबा दर वेळी टायरमधली हवा बदलतात, फरक पडत नाही. नेमकं काय बिघडलंय?
*– एक वाचक, कॅरी, नॉर्थ कॅरोलिना*

तू तक्रार वळणाच्या कुठल्या भागातली आहे ते सांगितलंस, हे निम्मं काम झालं. 'गाडी बरोबर नाही' एवढंच सांगणाऱ्या ड्रायव्हरला कुणी मदत करू शकत नाही.

पिटमधल्या भाषेत तुझी गाडी मध्यावर 'टाइट' (वळत नाही) आहे आणि बाहेर पडताना 'लूज' (मागून निसटते). हे दोन आजार वाटतात, पण बहुतेक वेळा तो एकच असतो. पुढची चाकं घसरतात, म्हणून तू स्टिअरिंग आणखी डावीकडे ओढतेस. वेग थोडा उतरला की उजव्या पुढच्या टायरला एकदम पकड मिळते, चाकं मात्र गरजेपेक्षा जास्त वळलेली असतात. त्याच क्षणी तू ॲक्सिलरेटर देतेस आणि मागचा भाग निसटतो. यावर 'गाडी लूज आहे' म्हणून बाबांनी मागची पकड वाढवली, तर मधला टाइटपणा आणखी वाढेल. औषध आजारापेक्षा वाईट.

आधी स्वतःला तपास. स्टिअरिंगच्या वरच्या मध्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लाव आणि हेल्मेटच्या उंचीवर कॅमेरा बसव. वळणात पट्टी कुठपर्यंत जाते ते घरी बघ. वळणात शिरताना वेग जास्त असेल, तर पट्टी मध्याच्या आधीच खूप खाली गेलेली दिसेल. मग पाच लॅप, एका गाडीच्या लांबीइतकं आधी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून चालव. लॅपची वेळ तीच राहिली किंवा सुधारली, तर दोष गाडीचा नव्हता. या वयात बरेचदा हेच निघतं.

तरीही गाडी टाइट असेल, तर या क्रमाने जा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

पहिलं, स्टॅगर. मागचा डिफरन्शियल लॉक असल्याने दोन्ही मागची चाकं सारखीच फिरतात, पण वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. म्हणून उजव्या मागच्या टायरचा घेर डाव्यापेक्षा मोठा ठेवतात. हा फरक कमी पडला की मागचा आस गाडीला सरळ ढकलत राहतो. टायर गरम असताना, हवा ठरलेल्या दाबावर आणून, टायरच्या मधोमध टेप गुंडाळून घेर मोज. फक्त थंड टायरवर मोजलेला आकडा फसवतो.

दुसरं, क्रॉस वेट, म्हणजे 'वेज'. चार चाकांखाली चार काटे ठेवायचे. तू सूट-हेल्मेट घालून सीटवर बसलेली, टाकीत शर्यतीइतकं पेट्रोल, टायरमध्ये ठरलेली हवा, जमीन समपातळीत. समज, डावं पुढचं 350 पाउंड, उजवं पुढचं 270, डावं मागचं 370, उजवं मागचं 310. एकूण 1300. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून 640, म्हणजे 49.2 टक्के. हा टक्का जास्त, तर गाडी टाइट. कमी, तर लूज. डाव्या मागच्या स्प्रिंगचा जॅक-बोल्ट (स्प्रिंगवरचा दाब कमी-जास्त करणारा) सैल केला की त्या चाकावरचं आणि तिरकस समोरच्या उजव्या पुढच्या चाकावरचं वजन एकत्र कमी होतं. एका वेळी अर्धा फेरा, त्याहून जास्त नको. आणि हो, गेल्या मोजणीनंतर तुझं वजन पाच-सात पाउंडांनी वाढलं असेल, तर जुने आकडे बाद. वाढत्या वयाच्या ड्रायव्हरच्या घरी हे नेहमी विसरलं जातं.

तिसरा, पॅनहार्ड बार, म्हणजे मागचा आस आडवा सरकू न देणारा दांडा. किंचित वर घेतला की गाडी थोडी सैल वळते.

हवेचा प्रश्न सगळ्यात शेवटी, तोही तापमान मोजून. लॅप संपवून पिटमध्ये आल्या-आल्या उजव्या पुढच्या टायरचं तापमान आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला सुईच्या मापकाने घ्या. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम असेल, तर हवा जास्त झालीय. बाहेरची कड भाजत असेल, तर चाकाचा वरचा भाग आतल्या बाजूला पुरेसा झुकलेला नाही, तिथे कॅम्बर बघा. हे न मोजता हवा बदलत बसणं म्हणजे ताप न मोजता गोळ्या देणं.

सूट, हेल्मेट वगैरे दुकानदार सांगतो ते घेतलं. पण मुलीचे केस कमरेपर्यंत आहेत आणि आतल्या कपड्यांबद्दल कुणीच काही सांगत नाही.
*– एक आई, कॉनकॉर्ड*

दुकानात हे सांगायला सगळे लाजतात, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. सूटच्या आत नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं काहीही नको. आगीत ते वितळून कातडीला चिकटतं. खेळाची ब्रा बहुधा पॉलिएस्टर-स्पँडेक्सचीच असते, ती इथे चालत नाही. सुती किंवा नोमेक्स या आगरोधक कापडाची घ्या, तारेविना. मोजेही तसेच. कानातलं, गळ्यातलं, नाकातली चमकी, सगळं घरी.

केसांचा अंबाडा डोक्यावर बांधू नका. त्याने हेल्मेट वर उचललं जातं, हनुवटीचा पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत हेल्मेट फिरतं. सैलसर चपटी वेणी घाला, मानेशी क्लिप किंवा गाठ नको, टोकाला सुती दोरा. वेणी बालाक्लाव्हात (डोकं-मान झाकणाऱ्या आगरोधक टोपीत) आणि मग सूटच्या कॉलरखाली, पाठीच्या कण्यावरून खाली. खांद्यावर बसणाऱ्या, डोकं-मान आवरणाऱ्या हान्स उपकरणाखाली ती अडकत नाही ना, ते आरशात बघून घ्या. गाडीत बसल्यावर ते जमत नाही.

सूटच्या लेबलवर एसएफआय 3.2ए/5 हे सुरक्षा-मानक हवं. असा सूट कातडी दुसऱ्या अंशापर्यंत (फोड येईपर्यंत) भाजायच्या आधी साधारण 10 सेकंद देतो. /1 दर्जा फक्त 3. फरक पैशात नव्हे, सेकंदांत मोजा. हेल्मेट स्नेल या चाचणी संस्थेच्या 'एसए' शिक्क्याचं. मोटरसायकलचं 'एम' शिक्क्याचं हेल्मेट आगीच्या चाचणीतून गेलेलं नसतं. 2001 साली डेटोनात शेवटच्या लॅपमध्ये नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेला आणि त्याच वर्षी नॅस्कारने डोकं-मान आवरणारं साधन सक्तीचं केलं. ट्रॅकच्या नियमात नसलं तरी हान्स घ्याच. पट्टे आणि हान्स यांच्या लेबलवर तारीख असते, जुनं घेताना आधी ती बघा.

सीटचं फोम-इन्सर्ट मुलीच्या मापाने ओतून घ्या आणि दर हंगामात नव्याने करा. कंबरेचा पट्टा पोटावर नव्हे, कुल्ल्याच्या हाडांवर बसला पाहिजे. उंची दोन इंच वाढली की तो नकळत वर सरकतो.

आम्ही एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी एच-4 या आश्रितांच्या व्हिसावर. तिने बक्षिसाची रक्कम किंवा प्रायोजकाचे पैसे घेतले तर चालतं का? आणि जुनी गाडी घ्यावी का?
*– एक वडील, हंटर्सव्हिल*

एच-4 वरच्या मुलांना नोकरीची परवानगी नसते. हौशी ट्रॉफी ही एक गोष्ट, पण पैसे घेऊन गाडी चालवणं किंवा प्रायोजकाशी करार करणं ही दुसरी. सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारा. पिटमधल्या काकांचा सल्ला इथे कामाचा नाही. 21 व्या वर्षी ती एच-4 मधून बाहेर पडते, हेही आत्ताच हिशेबात धरा. आरोग्यविम्यात मोटर रेसिंग वगळलंय का, तेही वाचा.

गाडी जुनी घ्या. इंजिनाचं सील (आत कुणी फेरफार करू नये म्हणून लावलेलं) शाबूत आहे का बघा. सील तुटलेलं इंजिन शर्यतीत चालत नाही. मग टेप घेऊन डाव्या आणि उजव्या बाजूचं चाकांमधलं अंतर आणि चॅसीवरच्या ठरावीक बिंदूंमधले दोन्ही कर्ण मोजा. वेल्डिंगपाशी रंगाला केसासारखी चीर दिसली, तर तिथे मार बसलाय. 'नुकतीच रंगवली' म्हणणाऱ्या विक्रेत्याला, का रंगवली, ते विचारा.

प्रायोजकाकडे 'मदत' मागू नका. 'जूनमधल्या चार शर्यतींचे टायर' मागा आणि बदल्यात काय द्याल ते लिहून द्या: दारावर नाव, दुकानासमोर एक शनिवार गाडी उभी.

पुण्यात राहून या दिशेने काही करता येईल का? मुलगी 15 वर्षांची.
*– एक वाचक, कोथरूड*

भारतात स्टॉक कारची ओव्हल (अंडाकृती ट्रॅकवरची) मालिका नाही. तिने कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंग करावं, एफएमएससीआयचा (देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाचा) परवाना काढावा आणि पुढे कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर फॉर्म्युला गाडीत बसावं. रात्री आय-रेसिंग या संगणकावरच्या शर्यतीत लेजंड्सची गाडी चालवावी, चांगलं स्टिअरिंग-पेडल घेऊन. राजा करूथ हा ड्रायव्हर घरच्या सिम्युलेटरवरून सुरुवात करून लेजंड्समध्ये आला आणि 2024 मध्ये लास व्हेगसला ट्रक मालिकेतली शर्यत जिंकला. दुसरी वाट अभियांत्रिकीची आहे: शार्लटच्या विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकवतात, आणि संघांच्या कार्यशाळा तिथून तासाभराच्या आत.

मुलींना खरंच पुढे येऊ देतात का?
*– अनेक पत्रांतून*

1949 मध्ये नॅस्कारच्या आजच्या कप मालिकेच्या पहिल्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन होती. 1977 मध्ये जॅनेट गथ्री डेटोना 500 मध्ये धावली. 2013 मध्ये डॅनिका पॅट्रिकने तिथे पोल (सुरुवातीची पहिली जागा) घेतला आणि आठवी आली. हेली डीगन 2018 मध्ये, 17 व्या वर्षी, नॅस्कारच्या के अँड एन वेस्ट या प्रादेशिक मालिकेत मेरिडियनला जिंकली. ग्रेसी ट्रॉटर 2020 मध्ये आर्का वेस्टमध्ये. कप मालिकेत अजून एकही स्त्री जिंकलेली नाही. स्त्रिया आणि अल्पसंख्य ड्रायव्हरांसाठी 2004 मध्ये सुरू झालेल्या 'ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी' या नॅस्कारच्या कार्यक्रमातून काइल लार्सन आणि डॅनियल सुआरेझ पुढे आले. अशा निवडचाचणीला जाताना सोबत निकालांची यादी लागते, आणि 'मध्यावर टाइट, शेवटी लूज' असं अचूक सांगता येणं लागतं. तेव्हा कॅरीच्या वाचकाने वही सांभाळून ठेवावी.