खाजन शेतातील सीझियमसाठी एकच आकडा का पुरत नाही

गोव्यातील दिवाडी बेटावरच्या एका खाजन शेताचे (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल खाडीकाठच्या शेताचे) मॉडेल करताना पाणी, माती, भात आणि कोळंबी असे चार कप्पे, म्हणजे सीझियम ज्यांतून फिरते असे भाग, आपण धरले आहेत. किरणोत्सर्गी सीझियम-१३७ मातीतून भातात किती जाते यासाठी हस्तपुस्तिकेतील सरासरी संक्रमण गुणांक (पिकातील आणि मातीतील सीझियमचे गुणोत्तर) वापरावा का, असा आपला प्रश्न आहे. कप्प्यांची निवड मला योग्य वाटते, पण तो आकडा जसाच्या तसा उचलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हा गुणांक सीझियमइतकाच त्या जमिनीचाही असतो, आणि खाजनाची जमीन वर्षातून दोनदा आपला स्वभाव बदलते.

चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर इंग्लंडच्या कम्ब्रिया भागात नेमके हेच घडले. जून १९८६ मध्ये तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध आले, तेव्हा ते तीन आठवडे पुरतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात शेवटचे निर्बंध २०१२ मध्ये उठले. अंदाजामागचे आकडे चिकणमातीच्या सखल जमिनींवरून घेतलेले होते. डोंगरावरच्या आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींनी भरलेल्या मातीत सीझियमला घट्ट धरून ठेवणारी खनिजे फारच कमी होती, त्यामुळे ते गवत, मेंढी, लेंडी आणि पुन्हा गवत असे वर्षानुवर्षे फिरत राहिले.

सीझियमला खरे जखडते ते इलाइट हे चिकणमातीतील खनिज. आपल्या जांभ्याच्या मातीत मात्र केओलिनाइट या दुसऱ्या चिकणमाती-खनिजाचे प्रमाण मोठे असते, आणि त्याची पकड सैल असते. म्हणून गुणांक ठरवण्याआधी आपल्या मातीची खनिजे तपासून घ्यावीत.

दुसरी गोष्ट पाण्याची. दिवाडीच्या बांधावर ओहोटीच्या वेळी मी अनेकदा उभा राहिलो आहे: आतल्या पाण्याच्या दाबाने मानशीच्या (बांधातील पाण्याच्या दाराच्या) लाकडी झडपा उघडतात आणि भरती चढू लागली की त्या आपोआप मिटतात. पावसाळ्यात कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भात उभे असते तेव्हा शेतात बहुतांशी गोडे पाणी असते. कापणीनंतर मीठपाणी आत घेतले जाते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, गोड्या पाण्यात सहसा काही मिलिग्रॅमच. सजीवांच्या पेशी सीझियमला पोटॅशियमसारखेच वागवतात, त्यामुळे पोटॅशियम मुबलक असले की सीझियम कमी शोषले जाते. सीझियमसाठी समुद्री माशांचा संचय गुणांक (पाण्याच्या तुलनेत माशात ते किती पट साठते) १०० च्या आसपास धरतात, तर गोड्या पाण्यातील माशांचा हजारोंच्या घरात जातो. कोळंबीच्या कप्प्याला म्हणूनच क्षारतेनुसार बदलणारे मूल्य द्यावे लागेल.

तिसरी गोष्ट बहुतेक मॉडेलांतून निसटते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. पाण्याखालच्या शेतात हात खुपसून मूठभर चिखल काढलात, तर वरचा पातळ थर तांबूस दिसतो आणि खालचा काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा असतो. त्या काळ्या थरात प्राणवायू नसल्यामुळे अमोनियम साचते, आणि आकाराने जवळचा असलेला हा आयन इलाइटच्या कडांवरील सीझियमला हुसकावून मातीतल्या पाण्यात सोडतो. भाताची मुळे नेमकी तिथेच असतात. त्यामुळे मातीचा एकच कप्पा न ठेवता वरचा व खालचा असे दोन करावेत.

ऱ्हासाचे गणित त्यामानाने सोपे आहे. भौतिक अर्धायुष्य (किरणोत्सर्गाने सीझियम निम्मे होण्याचा काळ) ३० वर्षे आणि वाहून-झिरपून निम्मे होण्याचा काळ १५ वर्षे असेल, तर एकत्रित अर्धायुष्य १० वर्षे येते.

पडताळणीसाठी नांगरलेले शेत निवडू नये, कारण तिथे थर मिसळलेले असतात. शेजारच्या खारफुटीतील अस्पर्श चिखलाचा उभा नमुना घ्यावा; वातावरणातील अणुचाचण्यांमुळे झालेल्या अवक्षेपाचे (हवेतून खाली पडलेल्या किरणोत्सर्गी द्रव्याचे) १९६३ च्या सुमाराचे शिखर त्यात सापडू शकते. आपल्या अक्षांशावर हा अवक्षेप उत्तरेकडच्या देशांपेक्षा कमी झालेला असल्याने गॅमा मापनाला (नमुन्यातील सीझियमच्या किरणांच्या मोजणीला) बराच अधिक वेळ द्यावा लागेल. भात, माती आणि मातीतील पाणी यांचे नमुने मात्र एकाच जागेवरून, एकाच दिवशी, आणि दोन्ही हंगामांत घ्यावेत.