नवरा कमवत नसला तरी त्याचा आयआरए उघड

अगं, नवऱ्याला पगार नाही म्हणून त्याचा आयआरए (निवृत्तीसाठी स्वतःच्या नावाने उघडायचं, टॅक्सची सवलत असलेलं खातं) होत नाही असं कोणी सांगितलं तुला? अमेरिकेत जॉइंट रिटर्न (नवरा-बायकोचं एकत्र टॅक्स रिटर्न) भरलं की तुझ्या कमाईवर त्याच्या नावाने पैसे टाकता येतात, २०२५ साठी ही मर्यादा ७,००० डॉलर होती, पन्नाशी झाली असेल तर ८,०००.

आता डिडक्शनचं, म्हणजे टाकलेली रक्कम टॅक्सच्या इन्कममधून वजा करण्याचं, नीट बघ, कारण इथे दोघांची इन्कम लिमिट वेगळी असते आणि बरेच जण तिथेच चुकतात. तुला कंपनीचा ४०१के (नोकरीतला निवृत्ती प्लॅन) आहे, म्हणजे डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) च्या बॉक्स १३ मध्ये टिक असणार, मग २०२५ च्या आकड्यांप्रमाणे तुझ्या ट्रॅडिशनल आयआरएचं (ज्यात टाकताना टॅक्स वाचतो आणि काढताना भरावा लागतो) डिडक्शन जॉइंट इन्कम १,२६,००० पासून कमी होत १,४६,००० ला संपतं, पण नवऱ्याला प्लॅन नाही ना, त्याचं २,३६,००० पर्यंत पूर्ण मिळतं आणि २,४६,००० ला संपतं. म्हणजे तुमचं इन्कम दीड लाख असेल तर आधी त्याचाच आयआरए भरा!

सेपरेट फायलिंग मात्र प्लीज करू नका, एकत्र राहत असाल तर १०,००० इन्कमलाच सगळं डिडक्शन जातं. आणि डिडक्शन न मिळालेले पैसे टाकलेच तर रिटर्नसोबत फॉर्म ८६०६ (अशा पैशांची नोंद ठेवणारा) भर, नाहीतर पुढे काढताना त्यावर परत टॅक्स बसेल.