चार पानांचा नमुना

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहून कन्नड-मराठी अनुवादाची कामे स्वतंत्रपणे घेते. बेळगावच्या एका संस्थेने खरेदीखताची चार पाने 'नमुना' म्हणून विनामूल्य अनुवादित करून मागितली आहेत. द्यावीत का?

उत्तर : देऊ नयेत, चार पाने म्हणजे कामच झाले. नव्या ग्राहकाने पारख करून घेणे रास्त आहे, कारण आपल्या सीमाभागात बाजारात कन्नड बोलणारे पुष्कळ असले, तरी दस्तऐवजाची कन्नड उलगडणारे थोडेच. परंतु त्यासाठी चतुःसीमेचा, म्हणजे मिळकतीच्या चारही बाजूंच्या हद्दी सांगणारा, एखादा परिच्छेद, फार तर दोनशे शब्द, पुरेसे असतात. आलेला मजकूर वाक्याच्या मध्येच सुरू होऊन मध्येच तुटत असेल, तर एकच दस्त अनेक उमेदवारांत वाटून फुकटात पुरा करून घेण्याचा तो डाव असू शकतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सहीनिशी लेखी हस्तांतर केल्याखेरीज आपल्या अनुवादावरील हक्क सहसा आपलाच राहतो, हे खरे; पण चार पानांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

म्हणून दोनशे शब्द विनामूल्य आणि उर्वरित मजकूर ठरलेल्या दराने, असे आजच लेखी कळवावे. तेवढेही विनामूल्य द्यायचे नसल्यास जुन्या कामातील नावे व सर्व्हे नंबर झाकून एखादे पान दाखवावे. इतक्यावर ज्यांचे समाधान होत नाही, ते पुढे बिलाच्या वेळीही घासाघीस करतात, असा आमचा अनुभव आहे.