युजर एक्झिटचा सोर्स सापडला. पण चालू मॉड्यूल त्याच सोर्सचे आहे का?

एका ग्राहकाची झेड-ओएस (आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांची ऑपरेटिंग सिस्टीम) प्रणाली महापे येथील आपल्या टीमकडे आली, तिच्या युजर एक्झिटचा (ठरावीक टप्प्यावर प्रणाली ज्याला बोलावते अशा, संस्थेने स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा) असेंब्लर सोर्स एका निवृत्त सहकाऱ्याच्या वैयक्तिक डेटासेटमध्ये सापडला, आणि पुढील आवृत्तीवर जाण्यापूर्वी तो कुठे व कसा ठेवावा, असे आपण विचारले आहे. जागा ठरवण्याआधी, हा सोर्स सध्या चालणाऱ्या लोड मॉड्यूलचाच (सोर्सपासून तयार होऊन प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रोग्रॅमचाच) आहे याची खात्री करून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ऐरोलीत काम करत असताना आम्ही ही खात्री केली नव्हती. जॉब स्टेपला किती मेमरी घेता येईल याची मर्यादा घालणारा आयईएफयूएसआय हा एक्झिट आम्ही हाती लागलेल्या सोर्सवरून नव्याने असेंबल केला. मर्यादा वाढवण्याचा नंतरचा बदल मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी प्रतीत झालेला होता. रविवारी आयपीएल (प्रणाली नव्याने सुरू करणे) सुरळीत झाले, सोमवारी रात्री बॅचमधले मोठे जॉब ८७८ एबेंडने (मेमरी न मिळाल्यामुळे मध्येच बंद पडण्याच्या त्रुटीने) पडू लागले आणि पहाटेपर्यंत कोणाचेही लक्ष एक्झिटकडे गेले नाही.

म्हणून सध्याच्या आवृत्तीच्याच मॅक्रो लायब्ररी वापरून सोर्स असेंबल करावा आणि तयार झालेले मॉड्यूल चालू मॉड्यूलशी एएमबीलिस्ट या मॉड्यूलचा तपशील छापणाऱ्या साधनाच्या साहाय्याने ताडून पाहावे. मॉड्यूलमध्येच साठवलेल्या आयडीआर (ओळखीच्या) नोंदींवरून चालू मॉड्यूल केव्हा असेंबल झाले तेही कळते. या कामाला वेळ लागतो, पण तो द्यावाच.

त्यानंतर प्रत्येक एक्झिटचा स्वतंत्र यूजरमॉड (ग्राहकाच्या स्वतःच्या बदलाचे पॅकेज) करून तो एसएमपी/ई या झेड-ओएसवरील बदल बसवणाऱ्या व त्यांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून अप्लाय करावा, म्हणजे चालू लायब्ररीत बसवावा. अ‍ॅक्सेप्ट (म्हणजे डिस्ट्रिब्युशन लायब्ररीतही कायम) करू नये, कारण रिस्टोअरच्या, म्हणजे बदल मागे घेण्याच्या, वेळी एसएमपी/ई त्या डिस्ट्रिब्युशन लायब्ररीतील प्रत परत आणते आणि तिथेच आपला बदल जाऊन बसला, तर माघारीची वाट उरत नाही. सोर्सची मूळ प्रत गिटमध्ये ठेवली तरी चालेल, मात्र यूजरमॉड तिच्यावरूनच तयार व्हावा.

जेस-टूचे (झेड-ओएसमध्ये जॉब स्वीकारून त्यांची रांग सांभाळणाऱ्या घटकाचे) एक्झिट प्रत्येक नव्या आवृत्तीच्या मॅक्रोंवर पुन्हा असेंबल करावे लागतात, कारण त्यांतील कंट्रोल ब्लॉकची (प्रणाली आपली माहिती ज्यात ठेवते त्या रचनांची) मांडणी बदलू शकते. झेड-ओएस २.४ पासून जेस-टूमध्ये पॉलिसीची, म्हणजे असेंब्लर न लिहिता नियम मांडण्याची, सोय आहे. ज्या एक्झिटचे काम पॉलिसीने भागते, तो पुढे नेऊच नये.