अणूंनी डोळे मिटले की काय?

एका वाचकाने मथळा पाठवला आहे: 'भारतात २०६० पर्यंत प्रदर्शन संलयन संयंत्र'. संलयन म्हणजे फ्यूजन, हलकी अणुकेंद्रं एकजीव होऊन ऊर्जा सुटणं. त्यांचा प्रश्न, 'डेमॉन्स्ट्रेशन'साठी इथे 'प्रदर्शन' हवं की 'निदर्शन'?

दोन्ही नकोत. प्रदर्शन पैठण्यांचं भरतं, निदर्शनं कलेक्टर कचेरीसमोर होतात. मल्लखांबाची होतात ती प्रात्यक्षिकं, आणि इथेही तेच करून दाखवायचं आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये जो आराखडा मांडला, त्याच्या शेवटच्या टप्प्यावर २५० मेगावॉटची अशी भट्टी आहे. हिंदी बातमी समोर ठेवून मराठी मथळे पाडणं थांबेल तो सुदिन.

पण खरी गंमत तुम्ही विचारलीच नाहीत. 'संलयन' टाळणारे मराठी लेखक बहुधा 'संमीलन' लिहितात, त्यातला 'मी' दीर्घ. आता धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची यादी, उघडा. 'मिल्' म्हणजे भेटणं, जुळणं. आपलं 'मिळणे' त्याचंच. 'मील्' म्हणजे डोळे मिटणं. निमीलन, उन्मीलन आठवा. म्हणजे दीर्घ मीचं संमीलन हे डोळे गच्च मिटणं झालं!

आणि हा शब्द आपल्या पंचांगात आजही नांदतो आहे. खग्रास ग्रहणाच्या पाच अवस्था: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. बिंब पूर्ण झाकलं जातं तो क्षण संमीलनाचा. ७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणात तो रात्री अकराच्या सुमारास आला आणि साडेबाराच्या आत उन्मीलन झालंही. विनोद बघा: ज्या क्रियेने सूर्य तळपतो तिला आपण नाव दिलं ते ग्रहणात सूर्य पुरता झाकला जाण्याचं.

एक संस्कृतज्ञ स्नेही यावर कोश आपटतात: 'मील्'चा 'गोळा होणे' असाही अर्थ दिलेला आहे. आहे, कोपऱ्यात आहे. कोपऱ्यातला अर्थ पाटावर बसवायचा आणि पंचांगातल्याला दाराबाहेर उभं करायचं, ही कुठली रीत? मग ते 'शास्त्राद् रूढिर्बलीयसी', शास्त्रापेक्षा रूढी बलवान, म्हणतात. रूढी म्हणाल तर ऱ्हस्व मिचं 'संमिलन'ही छापलं जातंच की! त्यांचं पुढचं म्हणणं असं की 'मिल्'पासून काटेकोर रूप 'मेलन', म्हणून 'संमेलन' म्हणा. म्हणून बघा. अणुकेंद्रं जमतील, अध्यक्ष निवडतील, भांडतील, घरी जातील. एकजीव व्हायची नाहीत. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड रूपं मिळून हेलियम होतो, न्यूट्रॉन सुटतो; हे संमेलनात कुठलं व्हायला?

'संलयन' तसा अशुद्ध नाही. 'ली' म्हणजे चिकटणं, विरघळणं. लॅटिनमधला 'फ्यूजन'चा धातूही ओतण्या-वितळवण्याचाच, म्हणून जादा करंटने वितळते ती तार फ्यूज. पण मराठी कानाला 'लय' म्हटलं की विलय आणि प्रलय आधी ऐकू येतात. अणुभट्टीशेजारी राहणाऱ्यांना तेवढं तरी नको.

गांधीनगरच्या त्याच आराखड्यात आधीची पायरी 'एसएसटी-भारत' ही भट्टी आहे, १३० मेगावॉटची. त्यातले १०० विखंडनातून, म्हणजे जड अणुकेंद्रं फोडून, यायचे आहेत. म्हणजे नावाचा मान संमिलनाला, राबणार विखंडन. अशा हायब्रिड भट्टीला 'मिश्र भट्टी' म्हणा, उगाच 'संकरित' नको. ते बियाणं वाटतं.

हो, तुमचा प्रश्न. फ्यूजनच्या अशा प्रात्यक्षिक भट्टीला जगभर 'डेमो' म्हणतात. जपानी लोक तिला 'गेन्केइरो' म्हणतात, म्हणजे मूळ नमुन्याची भट्टी. त्यांच्याकडे करून दाखवणारी ती 'जिश्शोरो', एक पायरी पुढची. तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या ५०० मेगावॉटच्या विखंडन भट्टीला आपणही प्रोटोटाइपच म्हणतो. तेव्हा नमुना असेल तिथे 'आद्यनमुना', करून दाखवणं असेल तिथे 'प्रात्यक्षिक'. तुमचा मथळा 'प्रात्यक्षिक संमिलन भट्टी' असा करा. मि ऱ्हस्व.