नवी बॅटरी टाकली तरी डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझत नाही, काय बघावं?

चिन्ह बॅटरीचं असलं तरी तो दिवा चार्जिंगचा आहे. तुम्ही लिहिलंय की बॅटरी नवी आहे, सेल्फ एका झटक्यात लागतो, पण इंजिन चालू झाल्यावरही दिवा तसाच राहतो. म्हणजे संशय घ्यायचा तो अल्टरनेटरवर (इंजिनच्या जोरावर फिरून वीज बनवणारा, बॅटरी चार्ज करणारा भाग), त्याच्या बेल्टवर किंवा मधल्या वायरिंगवर. जुनी बॅटरी कदाचित ठणठणीत असेल, भंगारात दिली नसेल तर ठेवा.

आधी धोक्याचं. दिवा चालत्या गाडीत लागला आणि तापमानाचा काटाही चढायला लागला, तर बहुधा बेल्ट तुटलाय. बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरतो. तेव्हा गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, नाहीतर इंजिन तापून हेड गॅस्केटवर (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलवर) बेतेल. नुसतं स्टिअरिंग जड झालं तर तेवढ्यावरून ठरवू नका. इलेक्ट्रिक स्टिअरिंग व्होल्टेज पडलं तरी जड होतं. बेल्ट शाबूत असेल तर एसी, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर बंद करून बॅटरीवर थोडं अंतर जाता येतं. वाटेत इंजिन मात्र बंद करू नका, पुन्हा सेल्फ लागेल याची खात्री नसते.

आता मल्टीमीटर घ्या. साधा, स्वस्तातला चालेल. गाडी काही तास उभी असताना चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसतं. इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.5 दिसायला हवं. आकडा 12.4 वरच रेंगाळला आणि हळूहळू खाली सरकत गेला, तर चार्जिंग शून्य. 15 च्या वर गेला तर उलटी गत, रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय आणि बॅटरी उकळते आहे. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर हेच कारण. अलीकडच्या गाड्यांत संगणक मुद्दाम व्होल्टेज खाली ठेवतो, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजा.

चार्जिंग नाही म्हटलं की गॅरेजवाले थेट 'डायनॅमो गेला' म्हणतात, म्हणजे अल्टरनेटरच. मी तसं लगेच मान्य करत नाही. अल्टरनेटर वीज बनवतोय पण ती बॅटरीपर्यंत पोचत नाही, असंही होतं, आणि ते पाच मिनिटांत कळतं. इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटाला लावा आणि काळी बॅटरीच्या प्लसला. हात आणि बाह्या फिरत्या बेल्टपासून लांब. इथे 0.2-0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधल्या वायरीत, फ्यूजमध्ये किंवा एखाद्या जोडात अडथळा आहे. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावून अर्थिंगही तसंच तपासा. माझ्या गाडीत टर्मिनल चकचकीत होते. दोष निघाला इंजिनपासून चॅसीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. बोल्टच्या डोक्याखाली गंजाचा तांबूस थर होता, पट्टी बोटाने हलवली की दिवा विझायचा. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला, काम झालं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. काढताना आधी मायनस, बसवताना शेवटी मायनस. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'टेस्ट' करणारा कुणी भेटला तर त्याला हात लावू देऊ नका, त्या झटक्याने गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जाऊ शकतो.

दिवा फक्त आयडलला लागतो आणि रेस दिली की विझतो? बेल्ट सैल असेल किंवा अल्टरनेटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजले असतील. हेडलाइट लावल्यावर बेल्ट किंचाळत असेल तर पहिलं कारण धरा. दिवा मिणमिणता, अर्धवट पेटत असेल तर अल्टरनेटरमधल्या डायोडवर (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर) संशय घ्या.

वायरिंग आणि बेल्ट ठीक निघाले तरच अल्टरनेटर उतरवा. कार्बन आणि रेग्युलेटर बऱ्याच मॉडेलमध्ये सुटे मिळतात, त्यासाठी अख्खा नवा घ्यायची गरज नसते. बेअरिंग घरघरत असेल आणि वाइंडिंगही जळालं असेल तर मात्र बदललेलाच बरा. गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडायला सांगा आणि हेडलाइट, ब्लोअर लावून तिथेच मीटरवर 14 च्या आसपास आकडा बघा, पैसे त्यानंतर द्या.