घरात बजी आणि कॉकटेल (दोन्ही छोटे पाळीव पोपट) आहेत, झुरळं-मुंग्यांचा सुळसुळाट झालाय. सोसायटीची पेस्ट कंट्रोलची फवारणी करून घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कल्याणला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गॅलरीत बजींची जोडी, हॉलमध्ये कॉकटेल, स्वयंपाकघरात बारीक झुरळं, पिंजऱ्याला मुंग्या, आणि येत्या रविवारी सोसायटीची फवारणी. फवारणीवाला म्हणतो, "बिनवासाचं औषध आहे, पक्ष्यांना काही होत नाही." त्याचं ऐकू का?

ऐकू नका. तो खोटं बोलतोय असंही नाही. त्याच्याकडचं औषध माणसांना, कुत्र्यांना झेपतही असेल. पण बिनवासाचं औषध हे गिऱ्हाइकाच्या नाकासाठी काढलेलं असतं, पक्ष्याच्या फुप्फुसासाठी नाही.

डोंबिवलीत माझ्याकडे अकरा वर्षं पक्षी आहेत. पहिल्याच वर्षी झेब्रा फिंचची जोडी गेली, आणि ती माझ्याच हातून गेली. सिंकखाली झुरळ दिसलं म्हणून स्प्रे मारला, जेमतेम चार-पाच सेकंद. पिंजरा आधी हॉलमध्ये नेला होता, मधलं दार लोटलं होतं, खबरदारी घेतली अशी माझी पक्की समजूत. हॉलचा पंखा मात्र चालू होता आणि दाराखाली बोटभर फट होती. तासाभराने वास गेला म्हणून पिंजरा परत खिडकीत टांगला. संध्याकाळी नर तळाशी बसलेला, पिसं फुगवून, चोच उघडी, प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट वर-खाली. तो रात्रीच गेला. मादी सकाळी.

नंतर पक्ष्यांच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपल्या फुप्फुसात हवा आत येते आणि त्याच वाटेने बाहेर जाते. पक्ष्याच्या फुप्फुसाला जोडून हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक जातींत नऊ. त्यांच्यामुळे हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते, म्हणून श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा रक्ताला भिडते. उडायला लागणारा प्राणवायू असा मिळतो. पण हवेत जे काही असेल तेही तितक्याच झपाट्याने आत जातं, आणि बजीचं वजन असतं तीस-चाळीस ग्रॅम. म्हणून स्प्रेमधल्या कीटकनाशकाइतकंच त्यातलं द्रावण आणि हवेत तरंगणारे बारीक थेंबही वाईट. (याच कारणाने नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवणं पक्षी असलेल्या घरात चालत नाही. तो लेप अति तापला की निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतात. तुम्ही विचारलं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवेना.)

त्यामुळे आमच्या घरात हिशेब एकच: हवेत जाणारं काही नको. स्प्रे नको, धुरी नको, कॉइल नको, कपाटात डांबरगोळ्या नकोत. "नैसर्गिक" म्हणून कडुनिंबाचा पाला किंवा कापूर जाळणंही नको, धूर तो धूरच. माळ्यावर जुनी डीडीव्हीपीची, म्हणजे डायक्लोरव्हॉसची बाटली पडली असेल तर तिला हातही लावू नका. भारतात 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर बंदी आहे, आणि त्या कुळातली विषं पक्ष्यांच्या मज्जासंस्थेवर फार थोड्या मात्रेत घाला घालतात.

आता झुरळं. जेलबिल नंतर, आधी एक काम करा. आज रात्री दीड-दोनला उठा, दिवा न लावता टॉर्च घेऊन पिंजऱ्यापाशी जा आणि खालचा ट्रे हळूच ओढा. मी असं पहिल्यांदा केलं तेव्हा ट्रेखालच्या खाचेत वीसेक तरी बारीक झुरळं होती, राळ्याची टरफलं आणि सांडलेला दाणा यावर आरामात. मी वर्षभर सिंकला शिव्या देत होते आणि त्यांची खाणावळ हॉलमध्ये चालू होती. बजी दाणा सोलून खातात, निम्मं खाली सांडतात, शिवाय पाण्याची वाटी रात्रभर भरलेली. झुरळाला आणखी काय हवं?

तेव्हापासून दिवेलागणीनंतर ट्रे रिकामा होतो, कागद बदलतो, आणि पिंजऱ्याखालची फरशी पुसली जाते. दाण्याची वाटी रात्री काढून घेते, पहाटे परत लावते. अंधारात बजी खात नाहीत, त्यामुळे उपास घडत नाही. पाणी मात्र काढत नाही. स्वयंपाकघरात सिंक कोरडं पुसायचं, ओलं फडकं पिळून बाहेर वाळत घालायचं, नहाणीच्या जाळीवर रात्री झाकण. झुरळ अन्नावाचून आठवडेच्या आठवडे काढतं, पाण्यावाचून त्याचे हाल लवकर होतात. नुसत्या एवढ्याने माझ्याकडे तीन आठवड्यांत फरक दिसला. संपली नाहीत, पण दिवसाढवळ्या फिरणारी बंद झाली.

उरलेल्यांसाठी जेल. इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के किंवा फिप्रोनिल 0.05 टक्के असलेली ट्यूब मिळते, सिरिंजसारखी. हवेत काही उडत नाही, हा तिचा मोठा गुण. मुगाच्या दाण्याएवढे ठिपके द्यायचे, भरपूर ठिकाणी, थोडे थोडे: ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रिजच्या मागे मोटरजवळ, मिक्सरच्या ओट्याच्या कडेला, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे. झुरळ खाऊन आडोशाला जातं, मरतं, आणि त्याची विष्ठा व मढं खाऊन बाकीचीही मरतात. जेल लावल्यावर त्या जागी फिनेल किंवा दुसरं काही फवारू नका, नाहीतर झुरळं ठिपक्याला तोंड लावत नाहीत आणि लोक म्हणतात जेल बोगस होतं. पिल्लं निघत राहतात म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावायचं. अंगावर दोन गडद पट्टे असलेली बारीक तपकिरी जात असेल तर एकेका मादीच्या कुपीत तीस-चाळीस अंडी असतात, तेव्हा एका फेरीत निकाल लागणार नाही. मोठी तांबूस झुरळं येत असतील तर ती गटारातून, डक्टमधून येतात. त्यांना जेलपेक्षा जाळ्या आणि फटी बुजवणं जास्त कामाचं.

जेल पक्ष्याच्या पोटात गेलं तर ते विषच आहे, हे विसरू नका. फिप्रोनिल तर काही पक्ष्यांना, विशेषतः कोंबडीच्या कुळातल्यांना, फार बाधतं. म्हणून कॉकटेल मोकळं सोडत असाल त्या खोलीत उघड्यावर एकही ठिपका नको.

जेल नको असेल तर आईचा उपाय: बोरिक पावडर आणि कणीक सारखी, चमचाभर साखर, दुधात घट्ट मळून सुपारीएवढ्या गोळ्या. सिलिंडरमागे, ट्रॉलीच्या तळाशी ठेवायच्या. दुकानात कॅरमची पावडर म्हणून मिळते ती बऱ्याचदा बोरिकच असते. काम सावकाश होतं, पण होतं. गोळ्या मोजून ठेवा आणि जागा लिहून ठेवा, कारण महिन्याभराने त्या बदलायच्या असतात आणि एक तरी हमखास सापडत नाही. समोर झुरळ दिसलंच तर स्प्रेच्या बाटलीत भांड्याच्या लिक्विडचं पाणी भरून ठेवा. साबणाने त्याची श्वासाची छिद्रं बुजतात, मिनिटभरात उताणं पडतं. ऑनलाइन डायटॉमेशियस नावाची पांढरी पावडर सुचवतात. ती विषारी नसली तरी तिची धूळ उडते, मी पिंजऱ्याच्या आसपास आणणार नाही.

खडूचं वेगळं सांगायला हवं. झुरळा-मुंग्यांसाठी रेघ ओढायचा तो पांढरा खडू पिंजऱ्याच्या स्टँडभोवती ओढायचा मोह होतो. तुमच्या बजीला पिंजऱ्यात समुद्रफेस लावलाय ना? पांढरा, कुरकुरीत, चोच घासून खायचा. त्याला खडू आणि समुद्रफेस यातला फरक कोण सांगणार? माझ्या शेजारणीच्या बजीने खिडकीच्या कट्ट्यावर विसरलेल्या खडूचं टोक कुरतडलं होतं. नशिबाने तिने वेळेत पाहिलं.

मुंग्यांचं सोपं आहे. पूर्वी घराघरांत जाळीचं कपाट असायचं, दुधा-तुपाचं, त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. पिंजऱ्याच्या स्टँडला तेच करा. पाण्यात साबणाचा थेंब टाका म्हणजे मुंगी तरंगत पलीकडे जात नाही, डासही अंडी घालत नाहीत. मात्र पक्षी मोकळे असताना त्या वाट्या झाका किंवा उचला. पिंजरा टांगलेला असेल तर वरच्या साखळीला, चोच पोचणार नाही इतक्या उंच, व्हॅसलिनचा बोटभर पट्टा. पक्ष्याच्या पिसांना ते लागता कामा नये, चिकट पिसं झाली की त्याचे हाल. मुंग्यांची रांग साबणाच्या पाण्याने पुसा, नुसत्या मुंग्या झाडल्यात तर तिचा माग राहतो आणि पुढच्या येतात.

दाण्याचा डबा उघडल्यावर जाळी लागल्यासारखं दिसतं किंवा घरात छोटे राखाडी-तपकिरी पतंग फिरतात? ते बहुधा दाण्यातूनच आलेत. नवीन पाकीट आणलं की आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, मग बाहेर काढून न उघडता त्याचा गारवा पूर्ण जाऊ द्यायचा, नाहीतर आत पाणी सुटून बुरशी धरते. आणि एक आपल्याच घरांतली गोष्ट: तांदळाला, डाळीला किडे लागू नयेत म्हणून आपण बोरिक पावडर चोळतो. शिजवण्याआधी दोन-तीनदा धुतो म्हणून आपलं निभावतं. त्यातली मूठभर कोरडी बाजरी किंवा तांदूळ पक्ष्याला टाकू नका. त्यांचं धान्य वेगळंच ठेवा. पाऱ्याच्या गोळ्या ठेवलेलं धान्य तर त्यांच्यापासून चार हात लांब.

डासांना खिडकीची जाळी आणि पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड, चोच पोचणार नाही असं जरा सैल. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. गॅलरीत कॉइल लावणारा नवरा गप्प करायला हा आकडा मला फार उपयोगी पडला. प्लगमधलं लिक्विडही पक्ष्यांच्या खोलीत नको. पालिकेची धुराची गाडी आली की बजी आतल्या खोलीत, खिडक्या बंद, दाराखाली ओलं फडकं.

आता रविवार. सोसायटीला आजच लेखी कळवा की आमच्या फ्लॅटमध्ये फक्त जेल, फवारणी नाही. बहुतेक सोसायट्या ऐकतात, पैसे कमी करतात का ते तुमचं नशीब. डक्टमध्ये आणि जिन्यात ते फवारतीलच, तेव्हा स्वयंपाकघराची डक्टकडची खिडकी आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक टेपने बंद करा. माझं ऐकाल तर शनिवारी संध्याकाळीच पिंजरे बहिणीकडे, मैत्रिणीकडे, कुठेही न्या आणि मंगळवारी आणा, घर उघडं ठेवून, फरशी पुसून झाल्यावर. वाळवीचं औषध असेल तर दोन दिवस पुरायचे नाहीत, आठवडा धरा. फवारणीवाल्याच्या बाटलीच्या लेबलचा फोटो मात्र काढून ठेवा. काही झालंच तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, कारण काही विषांवर उतारा असतो आणि तो कुठला द्यायचा हे नाव कळल्याशिवाय ठरत नाही.

पक्षी तळाशी बसला, चोच उघडून श्वास घेतोय, शेपूट हलतेय, तर मोकळ्या हवेत न्या, ऊब द्या, तोंडात पाणी-बिणी काही ओतू नका, आणि निघा. तुमच्याजवळ पक्षी बघणारा डॉक्टर कोण, हे आजच फोन करून विचारून ठेवा, कारण जवळचे बरेचसे कुत्र्या-मांजरांचेच असतात. नाहीतर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचा दवाखाना आहे, पण कल्याणहून तिथे पोचायला गर्दीच्या वेळी दीड तास धरा.